प्रमाणापुरता माणूस

१

बाई समुद्राचं चित्र काढायच्या ते समुद्राकडे पाठ करून.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू आवरायचं नाही. मागे एवढा किनारा पसरलेला, आणि ही पोक्त बाई घडीची खुर्ची उलटी मांडून घरांकडे तोंड करून बसलेली. समोर वाळूत रोवलेली छत्री, छत्रीच्या दांड्याला टांगलेला आरसा, मांडीवर तांब्याची प्लेट. आरशात बघायचं आणि प्लेटवरच्या मेणाच्या काळ्या थरात सुईने ओढायचं. पुढे प्लेट अ‍ॅसिडमध्ये बुडवली की सुईने उघडं पडलेलं तांबं तेवढं खाल्लं जायचं. त्या चरांत शाई भरायची, आणि प्रेसमधून कागदावर किनारा उतरायचा.

आरशाचं कारण साधं होतं. प्लेटवर जे उजवीकडे असेल ते कागदावर डावीकडे जातं. सरळ बघून सरळ खोदलं तर प्रिंटमध्ये दीपस्तंभ भलत्याच टोकाला. आरशातला किनारा आधीच उलटलेला असतो, तो जसाच्या तसा प्लेटवर घेतला की कागदावर पुन्हा सुलट होतो. शाळेत चित्रकला शिकवत होत्या तेव्हापासून त्या हे सांगत आल्या होत्या. शाळा सुटली, ‘बाई’ हे नाव तेवढं चिकटून राहिलं.

आपल्या हाताचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या पडत नसत. “माझं प्रिंट समोर ठेवून खुशाल होडी हाका,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

प्रत्येक चित्रात एक माणूस असायचा, नखाएवढा. तो नसला तर खडक केवढा आणि लाट केवढी ते बघणाऱ्याला कळत नाही. हा प्रमाणापुरता माणूस म्हणजे बाईंचे यजमान. ते बंदरात इंजिनं दुरुस्त करायचे. होडीत बसलं की पोटात ढवळायचं, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणत. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या उजव्या हातात काठी होती. पाण्याच्या कडेला उंटासारख्या पाठीचा एक खडक होता, तिथे जाऊन उभं राहायचं आणि बाईंनी हात केला की परत यायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्याबद्दल कुरकुर केवढी!

“मी काय बुजगावणं आहे?”

“बुजगावणं निदान गप्प उभं राहतं.”

काम चालू असताना बाई मागे वळत नसत. उलटं आणि सुलटं दोन्ही डोळ्यांत गेलं की हात गडबडतो. वळायचं ते एकदाच, माणूस काढून झाला की. उठायचं, समुद्राकडे तोंड करायचं आणि उंटखडकाच्या दिशेने हात करायचा. इतक्या वर्षांत यात कधी बदल झाला नव्हता.

२

त्या दिवशी बाईंची मान अवघडली होती.

सकाळ लख्ख होती. खडकाच्या सावलीतल्या रेघा अशा काही उतरत होत्या की बाई स्वतःवरच खूश होत्या. कप्तानांना त्यांनी चार-सहा टाचण्यांएवढ्या रेघांत उभं केलं: काठी, वाकलेला खांदा, करडा स्वेटर. झालं. आता उठायचं आणि वळायचं. पण मान वळेना, आणि सुईखालची लाट अर्धी सोडवेना.

आरशात तर कप्तान स्वच्छ दिसत होते. बाईंनी बसल्या बसल्या डावा हात उंच केला आणि आरशातल्या कप्तानांनाच ‘या’ म्हणून खूण केली.

आरशात ते निघाले. बाई पुन्हा लाटेकडे वळल्या. लाट संपवून त्यांनी आरसा काढला, पिशवीत घातला आणि खुर्चीची घडी करायला वाकल्या. तेवढ्यात खांद्याशी आवाज आला.

“येऊ का?”

बाई दचकल्या. गुडघा दुखत असताना हा माणूस वाळूतून इतक्या झटपट पोचला कसा? आणि विचारतो काय, येऊ का!

“आलातच की. या,” त्या हसून म्हणाल्या.

कप्तानही हसले. किती वेळ लावलास, पाय भरून आले, चहा तरी आणलास का, यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. छत्री काखेत मारून मुकाट्याने चालू लागले. बाईंना बरं वाटलं. देव पावला म्हणायचा, असं त्यांच्या मनात आलं.

३

घरी सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. उलट थोडं बरंच चाललं होतं.

कप्तान चहा करून द्यायचे, भांडी विसळायचे, भाजीत मीठ कमी पडलं तरी तक्रार नसायची. बाईंची धाकटी बहीण, जी त्यांची प्रिंट्स विकायचं काम बघायची, ती आली आणि बघतच राहिली.

“भावोजी, भांग बदललात का? तरुण दिसायला लागलात की!”

कप्तान गोड हसले. बाईंनी पाहिलं. भांग दुसऱ्या बाजूला होता खरा. काठीही डाव्या हातात होती.

“काठी कधीपासून डावीकडे?” बाईंनी विचारलं.

“पहिल्यापासून,” कप्तान म्हणाले.

आता गंमत अशी की जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने तिथल्या तिथे वाद घातला असता. पण या बाईंचं आयुष्य डावं उजवं करण्यात आणि उजवं डावं करण्यात गेलेलं. दिवसभर उलटं बघणाऱ्या डोक्याचा कधीतरी घोटाळा व्हायचाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. फोनमधले फोटो काढून पाहिले, तर त्यांत काठी काहींमध्ये उजवीकडे, काहींमध्ये डावीकडे. धाकटी म्हणाली, “अगं, समोरचा कॅमेरा उलटंच दाखवतो.” मग तो पुरावाही गेला.

करडा स्वेटर धुताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बटणं उलट्या बाजूला होती. ती बटणं बाईंनीच लावली होती, त्यामुळे इथेही चूक आपलीच म्हणायची. पण बटणं चुकीच्या बाजूला लावणारा हात आपला, हे काही त्यांना पटेना. ओला स्वेटर दोरीवर टाकून त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

४

एक सवय मात्र नवीन होती, तिथे डावं-उजवं काही नव्हतं. खोलीत येण्याआधी कप्तान विचारायचे, “येऊ का?”

पूर्वी हा माणूस प्रेसच्या खोलीत चपला घालून घुसायचा, ओल्या प्रिंटवर कोपर टेकवायचा आणि वर विचारायचा, चष्मा कुठाय माझा? आता दरवाजाशी थांबायचे, विचारायचे आणि बाई ‘या’ म्हणाल्या की आत यायचे.

एका सकाळी बाई प्लेटला शाई लावत होत्या. जाळीच्या फडक्याने जादा शाई पुसायची ती नेमकी वेळ. जास्त पुसली तर चर रिकामे होतात, कमी पुसली तर आभाळ मळतं. दारातून “येऊ का?” ऐकू आलं, पण उत्तर द्यायचं राहून गेलं. मग फडकी संपली म्हणून बाई मागच्या दाराने बाजारात गेल्या, तिथे ओळखीचं कोणी भेटलं, गप्पा झाल्या. परत आल्या तेव्हा उन्हं घराच्या मागच्या भिंतीवर गेली होती.

कप्तान दारातच उभे होते. उंबऱ्याबाहेर. डाव्या हातात चहाचा कप, त्यावर साय धरलेली. ओठांवर सकाळचंच हसू.

“अहो, सकाळपासून इथेच आहात?”

“तू काही बोलली नाहीस,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, कुरकुर तर नव्हतीच.

बाईंच्या हातातली पिशवी जड झाली. दातओठ खाऊन भांडणारा नवरा त्यांना चालला असता. हा असा उभा राहिलेला चालेना.

“या,” त्या म्हणाल्या, कारण दुसरं काय म्हणणार? कप्तान आत आले आणि तो गार चहा त्यांनी बाईंसमोर ठेवला.

५

उंटखडकाच्या प्लेटचं पहिलं प्रिंट निघालं त्या दिवशी धाकटी मुद्दाम आली होती.

बाईंनी प्रेसचं चाक फिरवलं, कागदावर दाब सारखा बसावा म्हणून घातलेलं लोकरी ब्लँकेट उचललं, ओला कागद एका कोपऱ्याने सोलत वर घेतला. तिघंही वाकले. प्रिंट देखणं होतं. खडकाची सावली जिवंत, पाणी ओलं, आणि पायथ्याशी नखाएवढे कप्तान.

“वा!” धाकटी म्हणाली. “ताई, हे तुझं सगळ्यात सुंदर.”

कप्तान आणखी जवळ वाकले. मग हळूच म्हणाले, “यात मी उलटा आलोय.”

बाईंनी भिंग घेतलं. चित्रातल्या कप्तानांची काठी उजव्या हातात होती. भार डावा गुडघा सांभाळून टाकलेला होता.

“माणूस तेवढा उलटा झाला असेल,” धाकटी म्हणाली. “होतं तसं. सवयीने तू डोक्यातल्या डोक्यात फिरवला असशील.”

“माझ्याकडून?” बाई म्हणाल्या.

त्या भिंग सरकवत राहिल्या. दीपस्तंभ जागेवर. खाडीचं तोंड जागेवर. उंटाची मान ज्या बाजूला असते त्याच बाजूला. सावली सकाळची, सकाळच्या बाजूला पडलेली. तो माणूस त्या सावलीतच उभा होता, त्याच रेघांच्या ओघात, न थांबता काढलेला. एवढा सगळा किनारा बरोबर आणि त्यातला एक माणूस चूक, असं होणं नव्हतं. हात चुकला नव्हता.

चित्रातला माणूस बरोबर असेल, तर चूक टेबलाच्या पलीकडे उभी होती.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. धाकटीला निरोप दिला, हात साबणाने धुतले, आणि कप्तान आरामखुर्चीत डुलकी घेत होते तिथे गेल्या. पायजमा गुडघ्यांच्या वर सरकला होता. ऑपरेशनचा व्रण उजव्या गुडघ्यावर होता. तोच तो, खालच्या टोकाशी थोडा वाकडा झालेला. डावा गुडघा कोरा होता. त्या गुडघ्याला बाईंनी महिनाभर शेक दिला होता, आणि आता त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

“काय बघतेस?” कप्तानांनी डोळे न उघडता विचारलं.

“काही नाही. झोपा.”

६

दुसऱ्या दिवशी कप्तान दाढी करत होते. न्हाणीघराचं दार उघडं होतं, बाई टॉवेल घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या.

पाठमोरे कप्तान डाव्या हाताने वस्तरा फिरवत होते, काहीतरी गुणगुणत होते. पण आरशात बाईंना त्यांचा कप्तान दिसला. भांग बरोबर बाजूला, वस्तरा उजव्या हातात, कपाळावरची आठी जिथली तिथे. इतक्या दिवसांनी ओळखीचा चेहरा बघून त्यांना एकदम भरूनच आलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आरशातल्या चेहऱ्याचे ओठ गुणगुणत नव्हते. ते घट्ट मिटलेले होते. कपाळ उन्हाने रापून लाल झालं होतं. आणि डोळे वस्तऱ्याकडे नव्हते. ते खांद्यावरून थेट बाईंकडे बघत होते.

ही नजर त्या संसारभर ओळखत आल्या होत्या. किती वेळ लावतेस, असं म्हणणारी नजर.

“टॉवेल दे ना,” पाठमोरे कप्तान म्हणाले. बाईंनी पुन्हा पाहिलं तेव्हा आरशात नुसता साबण लावलेला, हसरा चेहरा होता.

टॉवेल देताना बाईंना ती सकाळ आठवली. अवघडलेली मान, अर्धी लाट, आणि आरशाकडे बघून वर केलेला हात. हात कोणाला केला होता आपण? खडकापाशी उभ्या असलेल्या माणसाला तर तो दिसलाच नसणार. त्याला काय दिसलं असेल? पाठ करून बसलेली बायको. म्हणजे तो तिथेच थांबला असणार. आपण सांगितल्याशिवाय तो जागेवरून हलायचा नाही, कुरकुर कितीही करो. याबाबतीत बाईंची खात्री होती.

हे सगळं वेडेपणाचं आहे, असंही त्यांना वाटलं. पण वेडेपणाचा निकाल लावायला किनारा काही लांब नव्हता.

७

छत्री, खुर्ची, आरसा. प्लेट त्यांनी घेतली नाही.

पायरी उतरताना मागून आवाज आला, “येऊ का?”

बाई बोलल्या नाहीत.

“येऊ का गं बरोबर? आज जाऊ नकोस. भरती आहे.”

बाईंनी ओठ आवळून धरले आणि फाटक लावून घेतलं. वळून पाहिलं नाही, पण मागे काठीचा आवाजही आला नाही.

नेहमीच्या जागी त्यांनी छत्री रोवली, समुद्राकडे पाठ करून बसल्या आणि आरसा टांगला. आरसा हेलकावत होता, त्यातला किनारा हलत होता. मग तो स्थिर झाला.

उंटखडकापाशी माणूस उभा होता. करडा स्वेटर, वाकलेला खांदा. आरशात काठी डाव्या हातात दिसत होती, म्हणजे खरी उजव्या. एवढा हिशेब बाई झोपेतही करू शकल्या असत्या. भरतीचं पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं, आणि तो इकडेच बघत होता.

बाई उठल्या. मान आजही दुखत होती. अख्खं अंग फिरवून त्या समुद्राकडे वळल्या.

खडकापाशी कोणी नव्हतं. पाणी उंटाच्या पोटाला लागत होतं आणि परत जात होतं, बस्स. मागे वळून आरशात बघायची अनावर इच्छा झाली. ती त्यांनी गिळली. रिकाम्या किनाऱ्याकडे बघत हात वर केला आणि नेहमीसारखा हलवला.

काही झालं नाही. एक लाट आली, मोठी. तिचं पाणी खडकावरून ओघळलं. बाईंनी दोन्ही हात वर केले. चप्पल निसटली, पदर वाऱ्याने तोंडावर आला. एरवी बाणेदार असलेल्या बाई ओल्या वाळूत पोरीसारख्या उड्या मारत ओरडायला लागल्या.

“अहो! या ना! संपलं माझं! या आता!”

वाऱ्याच्या आवाजात आधी शिंपले चिरडल्याचा आवाज आला. मग वाळूत, पाण्याच्या कडेशी, एक गोल भोक पडलं. जरा अलीकडे दुसरं. बाईंच्या डाव्या हाताला, म्हणजे येणाऱ्याच्या उजव्या. भोकांच्या शेजारी पावलं उमटत होती, एक खोल, एक जपून टाकलेलं. ती सरळ त्यांच्याकडे येत होती, आणि पावलांवर कोणी नव्हतं. पळून जावं असं बाईंना मनापासून वाटलं. पण बोलावणं त्यांचंच होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात वरच ठेवला.

पावलं अगदी पुढ्यात येऊन थांबली. ओल्या लोकरीचा वास आला.

“किती वेळ लावलास गं!” कोणीतरी करवादलं. “पाय लाकूड झाले माझे. चहा तरी आणलास का?”

बाईंना रडू फुटलं. इतकी गोड कुरकुर त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

८

घरी पायरीवर चहाचा एक भरलेला कप होता, गार. बाकी घरात कोणी नव्हतं. खुंटीवर स्वेटर बघून कप्तान म्हणाले, “हा कुणाचा? माझा तर अंगात आहे.” बाई म्हणाल्या, “जुना आहे,” आणि त्याच दिवशी त्यांनी तो कचऱ्यात टाकला. कप्तानांच्या मानेवरची कातडी पुढे कित्येक दिवस उन्हाने सोलवटत होती. तिथे काय झालं ते बाईंनी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या मते ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे होते, एवढंच.

बाई काही घाबरून बसल्या नाहीत. कामाचा आरसा त्यांनी फोडून टाकला आणि समुद्राकडे तोंड करून, डोक्यातल्या डोक्यात उलटवत खोदायला लागल्या. धाकटीच्या मते रेघा आणखीच ठाम झाल्या होत्या. यावर बाईंनी ‘व्हायच्याच’ असं उत्तर दिलं. चित्रांत आता माणूस नसतो. कोणी विचारलं तर त्या म्हणतात, खडक केवढा आहे ते ज्याला बघायचंय त्याने तिथे जाऊन बघावं.

घरातले आरसे मात्र राहिले. कप्तानांना दाढीला एक लागतो, आणि कपाटाच्या दाराला एक जडवलेलाच आहे. त्याच्यासमोर बाई हात वर करत नाहीत. अंबाडा बांधायचा झाला तर कपाटाकडे पाठ करतात. साधी काळजी घेतली की झालं, असं त्यांचं मत होतं.

परवा सकाळीही त्या तशाच पाठ करून उभ्या होत्या. खिडकीतून अंगणातले कप्तान दिसत होते. नळाची चकती बसत नव्हती आणि ते नळाला, पान्याला आणि चष्मा हलवणाऱ्या अज्ञात व्यक्तीला शिव्या घालत होते. काठी उजवीकडे भिंतीला टेकवलेली. बाई ते ऐकत हसत होत्या. ओठांत पिना धरल्या होत्या, दोन्ही हात वर, केसांत गुंतलेले.

मागून, अगदी जवळून, कोणीतरी अदबीने विचारलं, “येऊ का?”